पत्ता कळवू नकोस

६ नोव्हेंबर

प्रिय मावशी,

माझा फोन लागत नाही म्हणून तू आतापर्यंत खालच्या सायकल दुरुस्तीवाल्याला दोन-तीनदा तरी भंडावून सोडलं असशील. त्याला सांग, भाची धडधाकट आहे. फोन तेवढा गेला. वर्कशॉपमध्ये प्लास्टर कालवताना खिशातून सरळ बादलीत पडला, आणि मी काढेपर्यंत त्याचा दगड झाला होता. मोबाइलवाल्याने तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, "ताई, हा आता कागदांवर वजन म्हणून ठेवा." नवा घ्यायला सध्या सवड नाही, म्हणून पत्र.

इकडे सगळं उत्तम. तिसरं वर्ष म्हणजे खरे पेशंट. माझ्या पेशंट म्हणून मुलांना पोहायला शिकवणाऱ्या एक बाई मिळाल्यात. अपघातात त्यांचा डावा पाय गुडघ्याखालून गेला. तलावाच्या दुसऱ्या टोकाला ओरडायची सवय, त्यामुळे त्यांनी साधं पाणी मागितलं तरी बाहेरची आख्खी रांग उठून उभी राहते. त्यांच्या पायाचा साचा मी घेतला. ओल्या पट्ट्या गुंडाळून हाताने दाबत बसायचं, प्लास्टर हळूहळू गरम होतं, मग घट्ट झालं की अलगद उतरवायचं. सर म्हणाले, "हाड कुठे आहे ते तुझ्या बोटांना कळतं." सर सहसा कुणाचं कौतुक करत नाहीत, म्हणून मुद्दाम कळवते.

परीक्षा मेमध्ये. पास झाले की काम मिळणारच, कारण पाय गेलेली माणसं भरपूर आणि पाय बनवणारी थोडी.

एकच सांगायचंय. अनोळखी नंबरवरून कुणी माझी चौकशी केली तर बोलत बसू नकोस. कॉलेजची यादी कुठून तरी मिळवून विमा विकणारे लोक हल्ली सगळ्यांच्या घरी फोन करतात.

तुझी,
काडी

१५ नोव्हेंबर

काडी,

सायकलवाल्याला मी दोनदा नाही, पाचदा विचारलं. शेवटी तो म्हणाला, "मावशी, मी पंक्चर काढतो, माणसं शोधत नाही." तुझं पत्र आलं तेव्हा त्यालाच आधी दाखवलं.

लाँड्रीत जेवणाच्या सुट्टीत वाचलं, म्हणून कागदाला वाफ लागलीय. सध्या दोन हॉटेलांचं काम आहे, दिवसाला चारशे चादरी. मुकादम म्हणतो, इस्त्री अशी मारा की चादरीवर झोपणाऱ्याला लाज वाटली पाहिजे. त्याची बायको माहेरी गेली की त्याचा शर्ट बघ, मग लाज कुणाला वाटायला हवी ते कळेल.

विम्यावाल्याचा फोन मला कुणाचाही आला नाही. माझा विमा काढून कुणाचं भलं होणार आहे.

पण एक बोलू का. तुझी आई गेली तेव्हा तू सात वर्षांची होतीस, आणि तेव्हापासून मी तुझं खोटं ऐकत आलेय. तू खरं बोलतेस तेव्हा दोन शब्दांत संपवतेस. खोटं असलं की मांजराने दूध सांडलं, मांजर कोणतं, त्याची शेपटी कशी, सगळं येतं. बादली, प्लास्टर, वर मोबाइलवाल्याचा विनोद. मी विचारत नाही. सोबत हजार ठेवलेत. पैशांची अडचण असेल तर मला सांगायचं, दुसऱ्या कुणाला नाही.

तुझी मावशी

२ डिसेंबर

प्रिय मावशी,

फोन विकला. बघ, दोन शब्दांत.

आता बाकीचं. जुलैमध्ये फी भरायची होती तेव्हा तीस हजार कमी पडत होते. तू चादरींचं जादा काम घेऊन आधीच भरपूर दिलं होतंस. तुझ्या डोळ्यांखाली काळं आलेलं मी बघून गेले होते, म्हणून तुला सांगितलं नाही. मोबाइलवर कर्ज देणारी एक कंपनी होती. फोटो काढायचा, चार ठिकाणी हो म्हणायचं, पाच मिनिटांत पैसे. तीस मागितले, हातात पंचवीस आले. पाच त्यांनी कसलासा खर्च म्हणून आधीच कापून घेतले. महिन्याभरात छत्तीस परत करायचे होते. मला वाटलं होतं, शिष्यवृत्ती ऑगस्टमध्ये येईल. ती ऑक्टोबरमध्ये आली, आणि तीही अर्धी. तोवर छत्तीसचे साठ झाले होते.

पैसे घेताना मी ज्या चार ठिकाणी हो म्हटलं होतं, त्यात फोनमधले सगळे नंबर त्यांना बघू द्यायचं असंही होतं. सप्टेंबरपासून दिवसाला चाळीस-पन्नास फोन यायला लागले. नंतर माझा फोटो सगळ्यांना गेला. खाली लिहिलं होतं, "ही मुलगी पैसे बुडवून पळाली आहे. दिसल्यास कळवा." वर्गातल्या मुलींना गेला, सरांना गेला, दहावीतल्या बाईंनासुद्धा गेला. सरांनी काही विचारलं नाही. पण त्या दिवसापासून ते माझ्याशी बोलताना माझ्या हातांकडे बघतात, तोंडाकडे नाही.

दुसऱ्या कुणाच्या फोनवरून तुला फोन केला असता, पण तो नंबरही त्यांच्या यादीत जाईल अशी भीती वाटते.

आता घाबरण्यासारखं काही नाही. गेला महिनाभर ते लोक शांत आहेत. त्यांच्यातल्या एकाशी बोलणं झालंय, जुलैपर्यंत सगळं मिटेल. पहाटेपासून आठपर्यंत मी स्टेशनाजवळच्या एका बेकरीत पाव पॅक करते, मग वर्गात जाते. तू काही पाठवू नकोस. हजार परत पाठवत होते, पण तू पाकीट फोडून पुन्हा पाठवशील म्हणून ठेवून घेतले.

तुला तसला फोटो किंवा फोन आला नाही ना? एवढंच खरं खरं सांग. बाकी कुणाला काय वाटायचं ते वाटो.

काडी

११ डिसेंबर

काडी,

नाही. फोटो नाही, फोन नाही, काही नाही. माझ्यापुरती तू निर्धास्त राहा.

तुझं पत्र वाचून राग आला, मग रडू आलं, मग पुन्हा राग आला. माझ्या डोळ्यांखाली काळं जन्मापासून आहे, तुझ्या आईच्याही होतं. त्यावरून कुणी असलं तीस हजारांचं कर्ज काढतं का. पण ते लोक शांत आहेत म्हणतेस, ते वाचून बरं वाटलं. तुला त्रास देत नाहीत ना, मग बाकी सगळं सोसता येतं. तू फक्त अभ्यास कर.

एकदा पोलिसांत जाऊन ये. सोबत मैत्रिणीला ने. ती तुझ्या खोलीतली, सतत शिंकणारी, शहाणी वाटते.

माझं ठीक चाललंय. थंडीने बोटं सुजतात म्हणून बांगड्या काढून ठेवल्यात. हात हलका झाल्यासारखा वाटतो. पुढच्या पत्राला उशीर झाला तर काळजी करू नकोस, दोन पाळ्या करतेय.

मावशी

२० जानेवारी

प्रिय मावशी,

पोलिसांत जाऊन आले. शिंकणारी सोबत होती. तिथल्या साहेबांनी आधी तिला सर्दीचं औषध सांगितलं, मग माझ्याकडे वळले.

"पैसे घेतले होतेस ना?"

"घेतले होते. पण ते धमक्या देतात."

"कशावर?"

"फोनवर."

"दाखव फोन."

फोन मी विकला होता. त्यांनी वही बंद केली. म्हणाले, "पुरावा विकून तक्रार करायला आलीस. पैसे परत कर, त्रास आपोआप थांबेल." बाहेर आल्यावर शिंकणारी म्हणाली, निदान सर्दीचं तरी काम झालं. मला हसू आलं नाही, पण तिने प्रयत्न केला.

आता जे तुला सांगितलं नव्हतं ते. ते लोक शांत आहेत, कारण मी त्यांना दर महिन्याला पाच हजार देते. एक माणूस येतो. पांढरे बूट घालतो, इतके स्वच्छ की तो चालतो की नाही असं वाटावं. नाव विचारलं तर म्हणतो, "भाऊ म्हण." नोव्हेंबरपासून दर दहा तारखेला बेकरीसमोरच्या मोबाइलच्या दुकानातून तो देईल त्या नंबरवर पैसे भरायचे, आणि तो बाहेर उभा राहून बघणार. नऊ महिने असे दिले की खातं बंद, असं त्याने शब्द देऊन सांगितलं. पावती मागितली तर म्हणाला, "भावाकडे पावती मागतात का?"

या दहा तारखेला माझ्याकडे साडेतीनच होते. बेकरीवाल्याने पगार पुढे ढकलला. मी त्याला चार दिवस थांब म्हटलं. तो बरं म्हणून गेला. आणि सोमवारी, पेशंट तपासायच्या दिवशी, तो सरळ वर्कशॉपमध्ये आला. पोहण्याच्या बाईंना मी पहिल्यांदा पायावर उभं करत होते. त्यांचा एक हात दांडीवर, एक माझ्या खांद्यावर.

"कुणाकडून पाय बनवून घेताय, बाई?" तो म्हणाला. "ही उद्या तुमचे पैसे घेऊनही पळेल."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं आणि आपल्या त्या आवाजात विचारलं, "तुम्हाला कुठला पाय नाही?"

"मला दोन्ही आहेत."

"मग वापरा की. दार तिकडे आहे."

रांगेतली माणसं हसली. तो गेला नाही. दाराशी उभा राहून खिशातून कागद काढला आणि माझं नाव, रक्कम, तारखा मोठ्याने वाचून दाखवल्या. सगळे ऐकत होते. सर आतून आले. मला म्हणाले, "तू खोलीवर जा." त्याला ते काय बोलले ते कळलं नाही. संध्याकाळी निरोप आला की निकाल लागेपर्यंत, म्हणजे हे प्रकरण मिटेपर्यंत, मी पेशंटना हात लावायचा नाही.

पण मी पत्र त्यासाठी लिहीत नाही. जिन्यात तो माझ्यामागून उतरत होता. अगदी साध्या आवाजात म्हणाला, "चार दिवस तर चार दिवस. मावशींना तेवढी विश्रांती घ्यायला सांग. आवाज फार थकलाय त्यांचा हल्ली."

मावशी, त्याने तुझा आवाज कुठे ऐकला?

काडी

२७ जानेवारी

काडी,

ऑक्टोबरपासून ऐकतोय.

तुझा फोन बंद झाला त्याच आठवड्यात पहिला फोन आला. आवाज मवाळ. मला मावशी म्हणाला. तुझी काळजी वाटते म्हणाला. "मुलगी खचलीय. घरच्यांना त्रास होतोय हे तिला कळलं तर ती काय करेल सांगता येत नाही. गेल्या वर्षी अशीच एक मुलगी होती." पुढे बोलला नाही, नुसता थांबला. बाकीचं मी स्वतःच्या मनाने पुरं केलं. म्हणाला, "तिला काही कळू द्यायचं नाही. तुम्ही-आम्ही मिळून सोडवू. नऊ महिने पाच-पाच हजार."

मी नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी दिले. मध्ये एकदा बारा दिले, ते बांगड्यांचे. बारा एकदम दिले तर व्याज माफ होईल म्हणाला होता. थंडीचं जे लिहिलं ते खोटं होतं. सत्तावीस झाले. मुकादमाकडून उचल घेतली, ती पगारातून कापून घेतात.

तू लिहिलंस की ते शांत आहेत, तेव्हा मला वाटलं माझ्या पैशांमुळे शांत आहेत. मी दर महिन्याला आणखी नेमाने भरत गेले.

तुझं पत्र आल्यावर दुकानात जाऊन, पैसे ज्या नंबरवर गेले तो लिहून आणला. शेवटचे आकडे ७१०८. तुझ्याकडचा बघ.

तुलाही त्याने माझ्याबद्दल असंच काही सांगितलं होतं का?

मावशी

१६ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

७१०८.

मला म्हणाला होता, "मावशींचं वय झालं. त्यांच्यापर्यंत हे न्यायचं नाही. तुझं-माझं राहू दे." तू दर पत्रात लिहायचीस की कुणाचा फोन नाही, आणि मी समजायचे की पाच हजार कामी आले.

तुझे सत्तावीस आणि माझे, जानेवारीचे उशिरा भरले ते धरून, पंधरा. बेचाळीस झाले. मुळात हातात आले होते पंचवीस.

मी दोन्ही याद्या एका कागदावर नीट लिहिल्या आणि कंपनीच्या कार्यालयात गेले. शिंकणारीचा भाऊ त्या बाजूला राहतो, त्याने पत्ता काढून दिला. चौथा मजला, काचेचं दार, टोकन घेऊन बसायचं. खिडकीत माझ्याच वयाची मुलगी. तिने संगणकात बघितलं.

"आमच्याकडे दोनच भरणे दिसतात. पाच आणि पाच."

"बेचाळीस दिलेत आम्ही."

"कुणाला?"

मी नंबर दाखवला. ती म्हणाली, हा आमचा नाही. वसुलीचं काम आम्ही बाहेर देतो, तो त्या लोकांचा माणूस असेल. त्या लोकांचं कार्यालय कुठे विचारलं तर तिने आतल्या माणसाकडे बघितलं. त्याने मान हलवली. मग तिने माझा कागद परत सरकवला आणि हळूच म्हणाली, "हा कागद कुणाला देऊ नका. तुम्ही पैसे देऊ शकता हे त्यांना कळतं." बाकी आता एक्क्याऐंशी हजार आहे. पांढऱ्या बुटांचा नंबर बंद लागतो.

त्याच्या जागी नवे दोघे आलेत. नऊ महिन्यांचं ठरलंय म्हटलं तर एक जण दुसऱ्याला म्हणतो, "तुझ्याशी ठरलंय का काही? माझ्याशी तर नाही." हे लोक गोड बोलत नाहीत. गेल्या बुधवारी ते बेकरीत आले आणि गिऱ्हाइकांच्या रांगेत उभे राहिले. पाळी आली की काही घ्यायचे नाहीत, माझ्याकडे बोट दाखवून पुन्हा रांगेच्या मागे जायचे. असं तासभर. मालकाने मला अर्ध्या महिन्याचे पैसे मोजून दिले. माणूस वाईट नाही. म्हणाला, "माझाही धंदा आहे, पोरी."

बेकरी कुणालाच माहीत नव्हती. पांढऱ्या बुटांना माहीत होती, पण या नव्यांना त्याचं काहीच ठाऊक नाही, मी त्यांना आडून विचारून पाहिलं. राहिली शिंकणारी. तिलाही फोन यायचे, तिने वैतागून सांगून टाकलं असणार. मी तिला तोंडावर विचारलं. ती नाही म्हणाली. मी जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. तिने सामान आवरलं आणि दुसऱ्या खोलीत गेली. आता एवढ्या खोलीचं भाडं मला एकटीला झेपणार नाही.

परीक्षेचा अर्ज भरायची मुदत दहा तारखेला संपली. उरलेली फी भरल्याशिवाय अर्ज घेत नाहीत. सर माझ्यासाठी वर जाऊन बोलून आले, तेवढं त्यांनी केलं. उत्तर आलं, पुढच्या वर्षी बसा. पुढच्या वर्षी म्हणजे पुन्हा फी. पोहण्याच्या बाईंचा पाय दुसऱ्या मुलाकडे दिला. मी वर्कशॉपमध्ये माझा डबा आणि ॲप्रन घ्यायला गेले तेव्हा तो त्यात पट्टे लावत होता. ढोपराजवळ टोचेल तिथे मी पेन्सिलीने खूण केली होती. त्याला सांगितलं, इथे घासायचं राहिलंय. तो हो म्हणाला.

मी घरी येऊ का? दोघी मिळून काहीतरी बघू. चादरी तर चादरी.

काडी

२४ फेब्रुवारी

काडी,

येऊ नकोस.

बेकरी मी सांगितली. त्या मुलीने नाही.

ते तुझ्या बेकरीत आले त्याच्या आदल्या दिवशी, मंगळवारी सकाळी, ते दोघं माझ्याकडे आले होते. त्याआधी आठवडाभर लाँड्रीच्या काउंटरवर दिवसभर फोन वाजत होता, हॉटेलांचे फोन लागेनात, म्हणून मालकाने मला दोन दिवस घरी बसायला सांगितलं होतं. ते दोन दिवस अजून संपलेले नाहीत, आणि उचल तशीच आहे. म्हणून मी घरी होते. त्यांनी दार उघडं ठेवायला लावलं. एक खुर्चीवर बसला, एक माझ्या कॉटवर, बुटांसकट. मला हात लावला नाही, आवाज चढवला नाही. जिन्यावरून येणारे-जाणारे बघत होते. सायकलवाला दोनदा वर आला. दुसऱ्यांदा त्याला विचारलं, "तुम्ही भरता का यांचे?" तो खाली गेला. त्याला तीन मुलं आहेत, मी त्याला दोष देत नाही.

तू काम कुठे करतेस ते विचारलं, मग चहा मागितला. मी केला. पहिला कप देताना म्हटलं, मला काही माहीत नाही. तो म्हणाला, "आम्हाला घाई नाही." अकरा वाजले, बारा वाजले. ते आपापसांत क्रिकेटबद्दल बोलत होते. मला लघवीला जायचं होतं आणि त्यांच्यासमोरून जावंसं वाटेना. दुसरा कप मागितला. तो हातात देताना मी स्टेशनाजवळची बेकरी सांगितली. कुणी मारलं नाही, धमकावलं नाही. ते उठून जावेत एवढंच मला हवं होतं. कप न पिताच गेले.

तुझ्याशी मी चार महिने खोटं बोलले, ते जमलं. त्यांच्यासमोर एक वाक्य जमलं नाही.

ते परवा पुन्हा आले होते. पुन्हा येतील. तू इथे आलीस तर त्यांना दोन ठिकाणी जायचे कष्ट वाचतील, एवढंच होईल. आणि तू दुसरीकडे गेलीस आणि मला सांगितलंस, तर मी ते त्यांना सांगेन. मी माझ्याबद्दल हे आता ओळखते. म्हणून मी सांगते ते ऐक, लहानपणी कधी ऐकलं नाहीस तरी आता ऐक. ती खोली सोड. जिथे कुणी ओळखत नाही अशा ठिकाणी जा, मिळेल ते काम कर. आणि मला पत्ता कळवू नकोस. गावाचं नाव नको, कामाचं नको, सोबत कोण राहतं तेही नको. त्यांनी विचारलं की मला माहीत नाही असं म्हणायचंय, आणि ते खरं असायला हवं. खोटं असलं तर माझ्या तोंडावर दिसेल.

त्या मुलीची माफी माग. माझं नाव सांग.

सोबत सहाशे आहेत. तुला उलट टपालाने परत करायला जागा ठेवत नाही, कारण पुढच्या आठवड्यात मीही खोली सोडतेय. खालच्या मजल्यावरच्या म्हातारीकडे झोपायची सोय झालीय, तिला रात्री सोबत हवी असते. पत्र सायकलवाल्याच्या दुकानावर टाक. तो देईल.

तुझ्या आईला मी शब्द दिला होता की तुला शिकवीन. तिच्याकडे मला काय तोंड दाखवायचं ते मी बघेन. तू जप.

मावशी

११ एप्रिल

प्रिय मावशी,

मी पोचले. कुठे ते लिहीत नाही.

तू सांगितलंस तसंच केलं, पण आधी महिनाभर तुझ्यावर रागावून होते, म्हणून पत्राला उशीर. राग दुसऱ्या कपाचा नव्हता. मी असते तर पहिल्याच कपाला सांगून टाकलं असतं. राग याचा होता की तू मला येऊ नकोस म्हणालीस आणि त्यावर काही बोलायला जागाच ठेवली नाहीस. आता तोही उरला नाही.

शिंकणारीची माफी मागितली. ती म्हणाली, ठीक आहे. मग म्हणाली, पण तू मला विचारायला आलीस तेव्हा तुझं आधीच ठरलेलं होतं. मी हो म्हटलं. तिने स्टेशनपर्यंत येते म्हटलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

सर भेटले. म्हणाले, "शिकलेलं वाया जात नाही." असं म्हणायची पद्धत असते म्हणून म्हणाले. माझ्याकडे प्रमाणपत्र नाही, त्यामुळे इथल्या अशाच एका वर्कशॉपमध्ये विचारायला गेले तर दारातूनच परत पाठवलं. आता जे काम करते त्यात हाड कुठे आहे ते कळायची गरज पडत नाही. उभ्याने करायचं असतं, हात फाटतात, पैसे आठवड्याला मिळतात. एवढं लिहिलं तर चालेल ना? पुन्हा वाचून पाहिलं, यावरून कुणाला काही सापडणार नाही.

कर्ज फिटलेलं नाही. ते आता किती झालं असेल याचा हिशोब मी मध्ये एकदा करायला घेतला आणि सोडून दिला. माझं नाव मी इथे दुसरंच सांगितलंय. हाक मारली की अजून पटकन वळायला होत नाही, त्यामुळे लोकांना वाटतं मी ऐकायला कमी आहे. आता ते माझ्याशी मोठ्याने बोलतात. हे वाचून तू हसशील म्हणून लिहिलं.

तुला अजून कामावर घेतलं का? म्हातारी कशी आहे? ते लोक येतात का, आणि तू माहीत नाही म्हणतेस तेव्हा निघून जातात का? हे सगळं विचारून उपयोग नाही, मला कळतं. तू उत्तर कुठे पाठवणार. पण न विचारता पत्र लिहायला मला जमलं नाही.

दोन-तीन महिन्यांनी पुन्हा लिहीन. दरवेळी वेगळ्या गावातून टाकीन. यावेळी सुट्टीच्या दिवशी मुद्दाम दोन तास बसने आले. इथल्या टपाल कार्यालयात खिडकीवर एक बाई आहेत, चष्मा नाकाच्या टोकावर. त्यांनी पाकीट वजनाला लावलं, मग उलटं करून मागची बाजू बघितली. पाठवणाऱ्याच्या ओळी कोऱ्या होत्या.

"पत्ता राहिला," त्या म्हणाल्या.

"नाही, तसंच आहे ते."

"मग तिकडे कुणी घेतलं नाही तर परत येणार नाही हं. तुम्हाला कळणारही नाही पोचलं की नाही."

मी म्हटलं, चालेल. त्यांनी शिक्का मारायला घेतला, तेवढ्यात मी पाकीट परत मागून घेतलं आणि हे एवढं आत लिहिलं. आता देते.

काडी